घटस्फोटाला खर्च किती येतो?

मी गोव्यातल्या फोंड्यात एका वकिलांच्या ऑफिसात अर्ज टाइप करते, कोर्टाच्या तारखा सांभाळते. त्यामुळे "ताई, घटस्फोटाला साधारण किती खर्च येतो?" हा प्रश्न मला बाजारात, बसमध्ये, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा हळू आवाजात विचारला जातो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. पण त्याआधी तुम्ही मला एक सांगा. लग्नाआधी मालमत्तेचा काही करार नोंदवला होता का?

बहुतेकजणी 'नाही' म्हणतात. करार नसेल तर गोव्याच्या कायद्यानं लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. लग्नाआधीची, नंतर कमावलेली, वारशानं आलेली, ठरावीक अपवाद सोडले तर सगळ्यात अर्धा वाटा तुमचा. फ्लॅटच्या कागदावर कोणाचं नाव आहे यानं तो वाटा जात नाही. सासरे हयात असतील तर त्यांचं घर त्यांचंच, पण ते गेल्यावर नवऱ्याला आलेला हिस्सा एकत्र मिळकतीत येतो. संसारासाठी दोघांनी काढलेलं कर्जही दोघांचंच, हेही ध्यानात ठेवा.

हे मी आधी सांगते, कारण फीच्या भीतीनं बायका हा अर्धा वाटा सोडून देतात. "वकिलाचा खर्च मी करतो, तू फक्त सही कर," असं समोरून सांगितलं जातं. त्या कागदात मिळकतीची यादी असते, वाटणी लिहिलेली असते, कधी 'माझा काही हक्क उरला नाही' असं वाक्यही असतं. असा कागद वाचताना माझा जीव तुटतो. पंचवीस-तीस हजार वाचवायला गेलेली बाई राहतं घर घालवून बसते. यादी स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आता कायद्याचं. मोबाईलवर तुम्ही पाहता ते 'सहा महिन्यांत संमतीनं घटस्फोट' हिंदू विवाह कायद्याचं आहे. तो कायदा गोव्यात लागू झालेला नाही. इथे सब-रजिस्ट्रारकडे पहिली सही (लग्नाचा इरादा नोंदवणारी), दुसरी सही (तो पक्का करणारी) करून झालेल्या लग्नाला 3 नोव्हेंबर 1910 चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा लागतो. पोर्तुगिजांकडून गोवा मुक्त झाल्यावरही, 1962 च्या कायद्यानं, तो चालू राहिला. त्यात दोघांच्या संमतीनं घटस्फोट मागायचा तर लग्नाला दोन वर्षांहून जास्त काळ झालेला हवा आणि दोघांचीही पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. मुलं कोणाकडे राहतील, मिळकत काय आहे, हे लिहून द्यावं लागतं. कोर्ट आधी समेट होतो का पाहतं, मग तात्पुरती मंजुरी देतं, आणि वर्ष गेल्यावर तुम्ही दोघं ठाम असाल तर ती कायम होते. वर्षभराची ही वाट पुष्कळांना जाचते, पण खर्चाच्या दृष्टीनं हाच मार्ग सर्वांत हलका.

संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं. व्यभिचार, छळ किंवा गंभीर अपमान, तीन वर्षं घर सोडून जाणं, चार वर्षं ठावठिकाणा नसणं ही त्यातली काही. जुगाराचं जुनं व्यसन हेही कारण त्या कायद्यात आहे. मांडवीतल्या कॅसिनोंपायी ज्या घरांचं सोनं गहाण पडलं, त्या घरातल्या बायकांनी हे जरूर विचारून घ्यावं.

खर्चात कोर्टाचे स्टॅम्प आणि प्रतिज्ञापत्र ही किरकोळ बाब. खरा भार वकिलाच्या फीचा आणि किती तारखा पडतात त्याचा. फी एकरकमी की प्रत्येक तारखेला, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि लिहून घ्या, यात संकोच नको. नवरा परदेशात किंवा बोटीवर असेल तर समन्स पोचवण्यातच महिने जातात. तो सापडलाच नाही तर पेपरात नोटीस द्यावी लागते, तिचे पैसे वेगळे. मिळकतीवर वाद असेल तर वाटणीचं इन्व्हेंटरीचं काम स्वतंत्र चालतं. तिथे यादी होते, मूल्यांकन होतं, आणि घटस्फोटाहून तेच लांबतं.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिथे तिचं उत्पन्न पाहत नाहीत. नोकरी करणारीलाही मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. मोफतचा वकील म्हणजे कमी प्रतीचा, हे मनातून काढून टाका. शिवाय पोटगीसाठी घटस्फोटाच्या निकालापर्यंत थांबायचं कारण नाही. तो अर्ज वेगळा करता येतो, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून तो लवकर टाका.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना लग्नाच्या नोंदणीची प्रत, मुलांचे जन्मदाखले, घराचे आणि बँकेचे मिळतील ते कागद घेऊन जा. मूळ प्रती स्वतःजवळ ठेवा. आणि निकाल लागल्यावर फाईल कपाटात टाकू नका. जिथे लग्नाची नोंद आहे तिथे घटस्फोटाचा शेरा घालून घ्या. पुन्हा लग्न करताना सब-रजिस्ट्रार तोच शेरा पाहतो.