मागे कोणी नको

२०१४ च्या मार्चमध्ये मी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन भागात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून गृहभेटी करीत असे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या रुग्णाला जिना, न्हाणीघर आणि पलंग निर्धोकपणे वापरता येतो का, हे पाहून अहवाल द्यायचा, एवढेच ते काम होते. त्या दिवशीच्या आजी ७९ वर्षांच्या, बोलक्या आणि माझ्यासारख्या परक्या बाईलाही सहज 'लव' म्हणून हाक मारणाऱ्या होत्या.

जिना उतरताना मी नियमाप्रमाणे त्यांच्या एक पायरी खाली उभी राहिले आणि त्यांची मुलगी काळजीपोटी मागून उतरू लागली, तशा आजी भिंतीला टेकून थिजल्याच. "मागे कोणी नको," एवढेच त्या म्हणाल्या. आईची ही जन्माची खोड आहे, दुकानातही ती सगळ्यांना पुढे जाऊ देऊन शेवटी उतरते, असे मुलीने मला हलक्या आवाजात सांगितले. मला ती खोड वाटली नाही. शस्त्रक्रियेनंतर तोल जाण्याची भीती निराळी दिसते. म्हणून आम्ही तिघी तिथेच पायऱ्यांवर बसलो आणि मी कारण विचारले.

३ मार्च १९४३ च्या रात्री आठ वर्षांच्या आजी आईचा हात धरून बेथनल ग्रीनच्या भुयारी स्थानकात उतरत होत्या. रेल्वे तिथे अजून सुरू झालेली नव्हती. स्थानक हवाई हल्ल्यातील आसरा म्हणून वापरले जाई आणि आत झोपायच्या फळ्यांपासून वाचनालयापर्यंत सगळे होते, मात्र रस्त्यावरून आत जायला वाट एकच होती. ब्रिटिश विमानांनी दोनच दिवसांपूर्वी बर्लिनवर बॉम्ब टाकल्यामुळे जर्मन त्याचा सूड उगवणार, हे सगळे धरून चालले होते. भोंगा सव्वाआठच्या सुमारास झाला. दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या प्रकारची विमानविरोधी रॉकेटे सुटली आणि तो अनोळखी आवाज बॉम्बचाच समजून लोक जिन्याकडे धावले. पावसाने ओल्या झालेल्या त्या एकोणीस पायऱ्यांवर एक मिणमिणता दिवा होता आणि मधोमध धरायला कठडा नव्हता. तळाशी एक बाई अडखळून पडली, तिच्यावर मागचे कोसळले, आणि वरून येणाऱ्यांना खाली काय झाले हे कळण्याचा मार्गच नव्हता. १७३ माणसे गुदमरून मेली. त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री तिथे बॉम्ब एकही पडला नाही.

आजी आणि त्यांची आई नुकत्याच वळणाच्या पुढे गेल्या होत्या. मागोमाग येणारी मावशी आणि तिचा मुलगा मात्र पोहोचले नाहीत. आत पुष्कळांना सकाळपर्यंत काही कळलेच नाही, आजीही फळीवर झोपून गेल्या. वर्तमानपत्रांत अपघाताची बातमी जागेचे नाव न देता आली, चौकशीचा अहवाल बराच काळ दाबून ठेवला गेला, आणि याविषयी बोलायचे नाही, अशी आईने घातलेली ताकीद आजींनी आईच्या मृत्यूनंतरही पाळली.

मला माझे आजोबा आठवले. १९४४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा जपान्यांनीच बॉम्ब टाकला असे वाटून लोक कसे पळाले, ते आजोबा दर सुट्टीत रंगवून सांगत. बातमी तिथेही दडपली गेली होती; पण आमच्या घरचे कोणी गेले नव्हते, म्हणून ती गोष्ट आमच्याकडे सांगता आली, असे मला वाटते.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने फक्त त्या मावसभावाचे नाव विचारले, आणि आजींनी ते सांगितले.

मी भिंतीच्या बाजूला दुसरा कठडा बसवण्याची शिफारस केली. अर्जातील 'कारण' या रकान्यात एकच ओळ मावत होती. त्यात मी "रुग्णाला उतरताना दोन्ही हातांनी आधार लागतो" असे लिहिले. माप घ्यायला कारागीर आला, तेव्हा कठडा शेवटच्या पायरीच्याही पुढे हातभर न्यावा, असे आजींनी त्याला दोनदा बजावले.