ठाण्याहून जुन्या गोव्याला: फेस्ताच्या आधीच जा

सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, 3 डिसेंबरला. ठाण्या-पनवेलची बरीच कुटुंबं रजा जुळवून नेमकी त्याच दिवशी जुन्या गोव्यात पोचतात आणि लक्षात राहते ती फक्त गर्दी. या संताचं शरीर ठेवलेल्या पेटीसमोर दोन मिनिटं निवांत उभं राहायचं असेल, तर 24 नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या नोव्हेनातला, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांतला, शनिवार-रविवार सोडून एखादा वार धरा. मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थना, रोज पहाटेपासून असतात. खाजं, मेणबत्त्या आणि हारांची दुकानं तोवर लागलेली असतातच, म्हणजे जत्राही चुकत नाही.

गाडी कोकणकन्या. तिकीट करमळीचं काढा, मडगावचं नको. करमळी स्टेशनापासून बॅसिलिका, म्हणजे ती पेटी असलेलं चर्च, दोनेक किलोमीटरवर आहे; मडगावला उतरलात तर पुढे जाऊन पुन्हा उलटं यायचं आणि बस-टॅक्सीत वेळ घालवायचा. आरक्षण 60 दिवस आधी सुटतं आणि हे दिवस गाडी सुटते त्या स्टेशनावरच्या तारखेपासून मोजतात. खरी चूक होते ती नवी मुंबईकरांची. ही गाडी ठाण्याला मध्यरात्रीच्या आधी येते, पनवेलला मध्यरात्रीनंतर. म्हणजे रविवारी रात्री जेवून निघणाऱ्या पनवेलकराच्या तिकिटावर सोमवारची तारीख हवी. रविवारची तारीख घातली, तर फलाटावर पोचेपर्यंत गाडी जाऊन चोवीस तास झालेले असतात. ठाण्याहून चढणाऱ्यांना ही भानगड नाही.

गाडी सकाळी पोचते, पण कोकण रेल्वेवर तास-दीड तास उशीर धरूनच चालावं. पहाटेची मिस्सा हवी असेल तर आदल्या दिवशी पणजीत मुक्काम करा. तिथून जुनं गोवं दहाएक किलोमीटर, बस सारख्या असतात.

बॅसिलिकेत पहिल्यांदा जाणाऱ्यांची हमखास निराशा होते, कारण त्यांना वाटतं शरीर समोर दिसेल. तसं नसतं. झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारले, शरीर गोव्यात आलं 1554 मध्ये. आज ते चांदीच्या पेटीत आहे. ही पेटी गोव्याच्याच सोनारांनी 1637 च्या सुमारास घडवली आणि ती उंच संगमरवरी चौथऱ्यावर असल्याने खालून मान वर करूनच पाहावी लागते. चौथरा फ्लॉरेन्सहून आला, 1698 मध्ये बसवला. उजवा हात तर इथे नाहीच. 1614 साली तो रोमला नेला. पेटी खाली उतरवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवतात ती साधारण दहा वर्षांतून एकदा. मागचं प्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झालं.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. बर्म्युडावर आलेल्यांना दारातच अडवलं की घरच्यांचीही पंचाईत होते.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीपर्यंत वेळ उरतोच. तो दुकानांत न घालवता टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याकडे चढा. जॉर्जियाची राणी केटेवान 1624 साली शिराझमध्ये धर्मासाठी मारली गेली. तिचे अवशेष या भग्न मठात 2005 साली सापडले आणि पुढे डीएनए तपासणीने ओळख पटली. बहुतेक टूरवाले गाडी इथे थांबवतच नाहीत. सावली मात्र नाही. टोपी आणि पाणी खालूनच घेऊन चढा.