व्यक्तिचित्रांचा सराव, आठवडा सहावा: कॉलर आधी की डोळे?

सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार होलबाइन, त्याच्या रेखांकनांच्या नकला चालू आहेत. मूळ चित्रं इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात आहेत, मी छापील प्रतींवरून काढतोय.

इंग्रज मुत्सद्दी टॉमस मोरच्या चित्रावर (१५२६-२७) चार बैठका गेल्या, त्यातल्या तीन टोपी आणि कॉलरवर. माणसाचा हुद्दा कपड्यांतच दिसणार, असं मी धरून चाललो होतो. चेहऱ्यासाठी एकच बैठक उरली. झालं असं की वस्त्रं भारदस्त आली, पण आत माणूस नाही. मग मूळ चित्र पुन्हा नीट पाहिलं. अंगावरचा झगा मोजक्या रेषांत सोडलाय आणि सगळी मेहनत डोळे, नाक, ओठ यांवर आहे.

विल्यम पार या इंग्रज सरदाराच्या रेखांकनात तर कापडाच्या जागी होलबाइनने जर्मनमध्ये नुसतं लिहून ठेवलंय: पांढरं मखमल, जांभळं मखमल, पांढरं सॅटिन. ही रेखांकनं रंगीत चित्राची पूर्वतयारी होती. मखमल नंतरही रंगवता येतं, समोरचा माणूस मात्र उठून गेला की गेला. हे कळल्यापासून मी आधी पापण्या आणि ओठांचे कोपरे काढतो, बाकी सगळं नंतर.

ड्युरर या जर्मन चित्रकाराने १५१४ मध्ये कोळशाने काढलेलं आईचं चित्रही समोर ठेवलंय. डोक्याला साधं वस्त्र, दागिना नाही. कपाळावरच्या सुरकुत्या, ताणलेल्या मानेच्या शिरा, वर आलेली गळ्याची हाडं. त्यानंतर दोनच महिन्यांत ती गेली. तिचं वय ६३ होतं, हे त्याने चित्रावरच लिहिलंय. हुद्द्याची एकही खूण नाही, तरी ती बाई सगळा कागद व्यापते. याची नकल करायला माझा हात अजून धजत नाही.

या आठवड्यात ताईला दोनदा बसवलं. पहिल्यांदा ती खुर्चीवर आणि मी जमिनीवर. खालून पाहिल्यावर नाकपुड्या आणि हनुवटीची खालची बाजू दिसते, पापण्यांची कमान वर चढते. चित्रात ताई एकदम अधिकारी वाटायला लागली. पण तिचा मऊपणा हरवला, आणि तो मला हवाच होता. दुसऱ्यांदा माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवले, गडद ४बी पेन्सिल बाजूला ठेवून फिकट एचबीने हलकं काम केलं. डाव्या पापणीत ती सापडली. उजवी बाजू अजून परकीच आहे.

पुढच्या बैठकीत हात. तिने ते मांडीवर एकावर एक ठेवले होते आणि मी कागद मनगटाच्या वरच संपवला.