वाढत्या अंगाचं पुस्तक

लहानपणी आमचे दिवाळीचे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवले जायचे. शिंप्यानं टेप गुंडाळायच्या आत आई म्हणायची, "दोन बोटं सैल ठेवा, पोरगी वाढती आहे." त्यामुळे पहिल्या वर्षी मी त्या फ्रॉकात हरवलेली असायची, आणि दुसऱ्या वर्षी तो अंगाला बसेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. मापातला आणि त्याच वेळी कोराही, असा फ्रॉक मी कधी घातल्याचं आठवत नाही.

आता भाचीच्या बाबतीत मी तेच केलं. फरक इतकाच की कापडाच्या जागी पुस्तक होतं. सई चौथीत गेली तेव्हा कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथून तिला 'श्यामची आई' आणलं. पहिल्या पानावर छान अक्षरात तिचं नाव घातलं, खाली 'आत्तीकडून'. महिन्यानं बघते तर आत खुणेला ठेवलेलं मोरपीस सातव्या पानावर. दिवाळीतही सातव्याच. मोरपीस वहीत ठेवलं की पिल्लू घालतं, असं आम्ही मानायचो. हे तर जागचंही हललं नव्हतं.

"आवडलं नाही का गं?"

"आवडलं की. पण ते संपतच न्हाई."

मग मी रीतसर चौकशीला लागले. मुलांच्या पुस्तकांच्या पातळ्या ठरवायच्या रीती हल्ली बऱ्याच आहेत. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या गोष्टींना तर चार पातळ्याच नेमून दिलेल्या असतात. पहिल्या पातळीत 250च्या आत शब्द, चौथ्या पातळीत 1500च्या वर. दुसरी रीत पाच बोटांची. मुलानं एक पान वाचायचं, अडेल त्या शब्दाला एक बोट दुमडायचं. मूठ मिटली की पुस्तक जड. मला ही रीत फार आवडली, कारण हिला काही खर्च नाही.

सईला 'अळणी भाजी'चं प्रकरण वाचायला दिलं. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एक अक्षर न बोलता जेवून उठतात आणि आईला ते स्वतः जेवायला बसल्यावर कळतं, ते. सईनं एक पान वाचलं आणि दोनच बोटं दुमडली. म्हणजे पास. मी मनातल्या मनात प्रदर्शनातल्या खरेदीबद्दल स्वतःची पाठ थोपटली. प्रकरण संपल्यावर तिनं विचारलं, "पण आत्ती, भाजी अळणी झाली तर एवढं वाईट काय वाटायचं? अळणी तर चांगली लागती."

मला क्षणभर कळेना. मग उजेड पडला. कोल्हापुरात मटण शिजलं की तांबडा-पांढरा रस्सा करायच्या आधी त्यातलं पाणी काढून ठेवतात. त्यात हळद असते, आलं-लसूण असतं, मीठही असतं. फक्त तिखट नसतं. ते पोराबाळांना आणि आजारी माणसांना वाटीतून देतात, आणि त्याला आम्ही म्हणतो अळणी. सईनं ती वाट्या वाट्या प्यायलेली. तिच्या लेखी श्यामच्या आईनं तिखट टाकायचं विसरून उलट पोरांची सोय केली होती. त्यात रडण्यासारखं काय?

हा शब्द तिला अडलाच नव्हता, म्हणून बोट दुमडलं नाही. आणि सगळं प्रकरण तर त्याच शब्दावर उभं आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातलं घर कोकणातलं, स्वयंपाकघर कोकणातलं, देवधर्म त्या घरचा. आमच्या मंगळवार पेठेतल्या पोरीला तिथं पोचायचं तर नुसता घाट उतरून भागत नाही, शंभराहून जास्त वर्षंही उतरावी लागतात. शिवाय भाषा. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मीही घरात तसंच बोलते, लिहिताना मात्र 'आले-गेले'च्या चपला घालते. पुस्तकातल्या सगळ्या मुली 'मी जाते' म्हणतात. सई लहान असताना तिला वाटायचं, पुस्तकात राहणाऱ्या मुली वेगळ्या जातीच्या असतात, सारख्या पाहुण्यांसमोर बसल्यासारख्या बोलतात. आता हे कुठल्या पातळीत मोजायचं?

बरं, अभिजात म्हणून जी पुस्तकं आपण मुलांच्या हातात देतो, त्यातली काही मुळात मुलांसाठी नव्हतीच. रॉबिन्सन क्रूसो 1719चा, गलिव्हर 1726चा, दोन्ही मोठ्यांसाठी लिहिलेले. मुलांनी ते आपलेसे केले आणि मोठ्यांनी मग ते कापून मापात आणले. गलिव्हरचे प्रवास चार. मी लहानपणी वाचलेला गलिव्हर पहिल्याच प्रवासात, बुटक्यांच्या लिलिपुटातच संपला होता. त्या लिलिपुटातही राणीच्या महालाला आग लागते ती गलिव्हर कशी विझवतो, हे मला थेट कॉलेजात गेल्यावर कळलं. तो ती मुतून विझवतो. नऊ वर्षांच्या कुठल्याही पोराला विचारा, अख्ख्या पुस्तकात त्याला सर्वात आवडेल असा हा प्रसंग, आणि मुलांसाठी म्हणून काढला तोच!

मला स्वतःला कुणी पातळी लावली असेल तर ती करवीर नगर वाचन मंदिरात. वाचनालय 1850 सालचं, म्हणजे माझ्या पणजोबांच्याही आधीचं. मी आजोबांच्या कार्डावर पुस्तकं न्यायची. काउंटरवर एक काका असायचे. परत केलेलं पुस्तक हातात घेऊन ते विचारायचे, "शेवट काय झाला?" सांगता आला तर पुढचं जरा जाडं. मी गडबडले तर काही न बोलता एखादं पातळ पुस्तक पुढं सरकवायचे. माझी इयत्ता त्यांनी एकदाही विचारली नाही. मी मात्र दुकानात आधी इयत्ता बघितली आणि वर दोन बोटं सैल ठेवली.

शेवटी सईला मापातलं मिळालं ते भा. रा. भागवतांचं. फास्टर फेणे. सायकल, धावपळ, आणि काही सुचलं की 'ट्टॉक'. दोन दिवस घरात ट्टॉकशिवाय काही ऐकू आलं नाही. वहिनीनं वैतागून पुस्तक कपाटावर टाकलं, तर ही स्टुलावर चढून तिथंच वाचत उभी. फेणेही पुण्याच्या शाळेत जाणारा, त्याची बोलीही हिची नव्हे. पण तो पळायला लागला की त्याचं व्याकरण बघायला कुणाला वेळ आहे?

'श्यामची आई' मी परत मागून घेतलं नाही. मोरपीस मात्र काढलं.

परवा मे महिन्यात सईला पोहायला घातलं. तिसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं, चौथ्या दिवशी पाय. पाचव्या दिवशी ती पलंगाखाली सापडली. मी काही बोलले नाही. 'श्यामचे पोहणे' काढलं आणि पलंगाशेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागले. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम लपून बसतो, पोरं शोधायला येतात, आई शिंपटी घेते. तिथं थांबून मी चहा ठेवायला उठले.

परत आले तर ती पलंगाबाहेर, पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. ओठ हलत होते. मधेच थांबून म्हणाली, "शिंपटी म्हणजे?"

"बारीक काठी."

"लई मारली का?"

"वाच की."

चहा निवला. पुस्तक मिटून तिनं एक लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "वाचलो!"

कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही. टॉवेलची पिशवी तिनंच उचलली होती.