काना हरवतो
सात-आठ वर्षं झाली असतील, नोकरीतला पहिलाच पावसाळा, गाड्या बंद पडलेल्या आणि मी लोअर परळच्या ऑफिसात अडकलेले. आता बसून करायचं काय म्हणून एका ओपन सोर्स लायब्ररीत (म्हणजे कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) एरर येत होती तिच्या मागे लागले. दोन तास डोकं आपटून झाल्यावर ती बनवणाऱ्यांनाच लिहून टाकलं. शब्द अजून पाठ आहेत, ‘रिस्पेक्टेड सर, आय हॅव अ डाउट इन युवर कोड. टेल मी हाऊ टू सॉल्व्ह. काइंडली डू द नीडफुल.’ खाली एक धुरकट स्क्रीनशॉट.

उत्तर दोन ओळींचं आलं. कोडवर संशय असेल तर आधी कशावरून ते दाखव, आणि मी सर नाही, बाई आहे.

मला खरंच कळेना की मी उद्धट बोलले कुठे! वर सर म्हटलंय, खाली काइंडली म्हटलंय, अजून काय पायावर डोकं ठेवू? (सर हे मात्र माझंच चुकलं, आणि तेही मी स्वतः मुलगी असून.)

मग हळूहळू उलगडलं. आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, डोंबिवलीत आमच्या क्लासला दर शनिवारी डाउट सेशन असायचं, त्यात कोणी मास्तरांवर संशय घेत नव्हतं. बाहेरच्यांना मात्र तो शब्द ‘तुझ्या कामावर माझा भरवसा नाही’ असाच ऐकू जातो. ‘टेल मी’ची तर अजून गंमत. मराठीत ‘सांगा’ म्हटलं की काम झालं, सगळा मान त्या एका कान्यात असतो, फार तर पुढे ‘ना’ लावायचा, ‘जरा बघता का’ म्हणायचं. कृपया वगैरे स्टेशनवरच्या अनाउन्समेंटमध्ये, घरात कोण बोलतं? इंग्लिशमध्ये तो काना हरवतो. सांग काय नि सांगा काय, दोन्हीचं ‘टेल मी’च होतं, म्हणून तिथे कुड यू, वुड यू असे शब्द वेगळे जोडावे लागतात. आपण मनात सांगा म्हणून टाइप करतो आणि समोरच्याला सांग पोचतं, आणि चिडतात ते आपल्याला कळतही नाही.

इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक, जॉन पोस्टेल, त्याने १९८० मध्ये टीसीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना डेटा पाठवतात त्या पद्धतीच्या, नियमांत लिहिलं होतं की पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना सैल राहा. ते मशीनसाठी होतं, पण १९९५ मध्ये आरएफसी १८५५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची, सूचनांची नंबर दिलेली टिपणं) म्हणून नेटवर कसं वागावं-बोलावं ते लिहिलं गेलं त्यात तेच वाक्य माणसांसाठी आलं. लोक त्यातलं ‘सगळं कॅपिटलमध्ये लिहू नका, ओरडल्यासारखं वाटतं’ एवढंच लक्षात ठेवतात, सैल राहायचं विसरतात.

आणि इंग्लिश फर्डं आलं की सगळं जमतं असंही नाही हां. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्सची मातृभाषा स्वीडिश, इंग्लिश उत्तम, तरी २०१८ मध्ये स्वतःच्या फटकळ ईमेलबद्दल माफी मागून काही दिवस कामातून बाजूला व्हावं लागलं. उलट रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारे मात्सुमोतो, म्हणजेच मॅट्झ, जपानी, आणि त्यांच्या लोकांचं ब्रीदच हे की मॅट्झ भला माणूस आहे म्हणून आपणही भलं वागायचं.

आता माझा स्वतःचा एक छोटा प्रोजेक्ट आहे. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन प्रश्न आले. एक झकास इंग्लिशमध्ये, ‘चालत नाहीये’, बास, व्हर्जन नाही काही नाही, आणि संध्याकाळपर्यंत ‘एनी अपडेट?’ तीनदा. दुसऱ्याच्या निम्म्या वाक्यांत क्रियापदच नव्हतं, पण व्हर्जन होतं, एररचा पूर्ण मजकूर कॉपी केलेला, प्रॉब्लेम नेमका येतो असा पाच ओळींचा कोड, आणि आधी काय काय करून बघितलं तेही. शेवटी सॉरी फॉर बॅड इंग्लिश. दादरला लेडीज डब्यात खिडकी मिळाली होती, कुर्ला यायच्या आत चूक सापडली, माझीच होती.

उत्तर टाइप करताना वर नजर गेली तर सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’. सांगावं का नाही याचा विचार करता करता घाटकोपर गेलं, मग नुसतंच ‘थँक्स, फिक्स केलंय’ लिहून पाठवून दिलं.