तुम्ही विचारलंत म्हणून: पिठ्या दिसतोय, तरी फवारत का नाही?

पपईच्या पानामागे पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो आणि माझा पंप खोलीतच असतो. बांधावर येणारा प्रत्येकजण कारण विचारतो. आळशी, चिक्कू, सेंद्रियचं खूळ घेतलेला, सगळं ऐकून झालंय. खरं कारण म्हणजे ॲसेरोफॅगस पपाये.

गांधीलमाशीच्या गोतातला हा कीटक मिलिमीटरभरसुद्धा नसतो. माणसाला डंख करत नाही. पिठ्या मूळचा मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये तो कोइमतूरला सापडला. त्याला मारणारे मात्र तिकडेच राहिले होते. म्हणून २०१० मध्ये बंगळूरच्या सरकारी कीटक संस्थेने प्वेर्तो रिकोहून हा कीटक आणवला. मादी पिठ्याच्या पिल्लात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते.

आमच्याकडे पिठ्या वाढला तेव्हा दादा पंप पाठीला लावून निघाला होता. पानं पिठ्याने सोडलेल्या गोड चिकट्याने माखलेली, त्यावर काळी बुरशी, खोडावर मुंग्यांची रांग. मी एक पान तोडून भिंग त्याच्या हातात दिलं. पांढऱ्या पिठात काही ढेकूण फुगून तपकिरी, टणक झाले होते आणि एकाच्या पाठीला गोल भोक होतं. माशी तिथूनच बाहेर पडली होती. दादाने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ही पोट भरेपर्यंत माझी झाडं उभी राहतील का?" मला उत्तर देता आलं नाही. अर्ध्या बागेत त्याने फवारलं, अर्धी माझ्या हट्टापायी सोडली. माझ्याकडची काही झाडं गेली. त्यांना फळं धरलेली होती. ते अजून सलतं.

पण अंगावरच्या मेणकट पिठामुळे पिठ्याला औषध नीट लागत नाही. माशी मात्र उघडी असते, ती आधी मरते. दादाच्या बाजूला पिठ्या परत चढला, माझ्याकडे तपकिरी ढेकूण वाढत गेले. मधे पाऊस झाला होता, हेही खरं. पिठ्या पावसानेच धुतला, असं दादा आजही म्हणतो, आणि कधी कधी मलाही तसं वाटतं.

तरीही पंप उचलायच्या आधी मी पान उलटून बघतो. भोकं पडलेले ढेकूण दिसले की फक्त मुंग्यांची वाट मोडतो, कारण चिकट्यासाठी त्या पिठ्याची राखण करतात, आणि बांधावरचं गाजर गवत काढतो, कारण पिठ्या त्यावरही जगतो.