दादाचा अपघात, स्टडीचा फॉर्म आणि सहा महिन्यांनी आलेला फोन

दादाची बाईक रात्री डिव्हायडरला धडकली, हेल्मेट नेहमीसारखं हँडलला लटकवलेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला, जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे त्याचा स्कोअर, 15 पैकी 10. आम्ही अजून अॅडमिशनच्या डिपॉझिटची जुळवाजुळव करतोय तेवढ्यात एक रेसिडेंट मॅडम फॉर्म घेऊन आल्या. म्हणाल्या एक स्टडी चालू आहे, रक्तस्राव कमी करायचं औषध किंवा नुसतं सलाइन, कोणाला काय जातंय ते आम्हालाही कळत नाही, आणि द्यायचं तर मार लागल्यापासून तीन तासांत.

माझं डोकंच फिरलं, म्हटलं आमच्या माणसावर प्रयोग करताय का? मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की डोक्याला मार लागला की स्टेरॉइड द्यायची पद्धत कितीतरी वर्षं होती, सूज उतरते असं डॉक्टरांनाही वाटायचं, मग वेगवेगळ्या देशांतल्या 10,008 पेशंटवर तपासलं आणि 2004 मध्ये निकाल आला तर स्टेरॉइडवाले दोन आठवड्यांत 21 टक्के गेलेले, डमी औषधवाले 18 टक्के! हे ऐकून मी गप्प बसलो.

दादा सही करायच्या स्थितीत नव्हता म्हणून वहिनीने केली. फॉर्म मराठीत होता पण कोर्टाच्या नोटिशीसारखा, त्यामुळे सरळ तोंडीच विचारलं. नाही म्हटलं तर बाकीची ट्रीटमेंट तीच राहणार का? (हो.) मधेच बाहेर पडता येतं का? (कधीही.) फॉर्मची कॉपी मात्र मागून घ्यावी लागली. दादा भानावर आल्यावर त्याचीही सही घेतली.

सहा महिन्यांनी स्टडीवाल्यांचा फोन आला. एकटा दुकानात जाऊन सामान आणतो का, बसने जातो का, कामाला पूर्वीइतका वेळ जमतं का, चिडचिड आठवड्यातून एकदा होते की रोज, घरच्यांना सहन होते का. फॉलोअपला ओपीडीत यातलं कोणीच विचारलं नव्हतं, तिथे टाके, गोळ्या, पुढची तारीख, संपलं.

दादा स्पीकरवर "मला काही त्रास नाही" म्हणून मोकळा झाला. मग त्यांनी घरच्यांशी बोलायचंय म्हटलं तेव्हा वहिनी फोन घेऊन गॅलरीत गेली, दार लावून घेतलं आणि चांगली अर्धा तास बोलली. पुढच्या आठवड्यात सायकिअॅट्रीची अपॉइंटमेंट तिनेच घेतली, दादा कुरकुरत का होईना गेला. त्याला औषध मिळालं होतं की सलाइन, ते आम्हाला अजून माहीत नाही.